वायुवीजन मार्गांतील बुरशी

घरातील झरोक्यांच्या जाळ्या, एक्झॉस्ट पंखे आणि वातानुकूलन यंत्रांचे (एसी) अंतर्भाग यांवर वाढणाऱ्या कवकांच्या थरास वायुवीजन मार्गांतील बुरशी असे म्हणता येते. ॲस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम व पेनिसिलियम या प्रजाती त्यात नेहमी आढळतात. यांपैकी पेनिसिलियम म्हणजे १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध जिच्यामुळे लागला तीच प्रजाती. मात्र घरातील तिचा वावर औषधी नसतो.

कारणे

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. त्यांना रुजण्यासाठी ओल आणि अन्न लागते. पत्रा किंवा प्लास्टिक हे बुरशीचे अन्न नव्हे. त्यावर साचलेली धूळ, त्वचेचे कण आणि कापसाचे तंतू हे तिचे अन्न होय. राहिला प्रश्न ओलीचा. एसीतील थंड कॉइलचे तापमान दवबिंदूच्या खाली असल्याने हवेतील बाष्पाचे पाणी होऊन खालच्या तबकात ठिबकते. निचऱ्याची नळी तुंबली किंवा यंत्र चुकीच्या उताराने बसविले, की हे पाणी साचून राहते. मुंबई व कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. त्या काळात बंद राहिलेले यंत्र ऑक्टोबरच्या उन्हात प्रथम सुरू केले की कुबट वास येतो, तो बहुधा याच कारणाने.

अमेरिकेतील अनेक घरांत सर्व खोल्यांना एकाच वाहिनीजालातून हवा पुरविली जाते, त्यामुळे एका ठिकाणची बुरशी घरभर पसरू शकते.

आरोग्यावरील परिणाम

शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे व खोकला ही सामान्य लक्षणे आहेत. दमा असलेल्यांचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत ॲस्परजिलसचा फुप्फुसांना गंभीर संसर्ग होऊ शकतो.

निर्मूलन

बुरशी मारणे आणि बुरशी काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी निर्माण करतात. म्हणून नुसता फवारा मारून भागत नाही, थर पुसून काढावा लागतो. कोरड्या ब्रशने खरवडल्यास बीजाणू उडतात. यंत्राचा वीजपुरवठा बंद करून, एन-९५ मुखपट्टी व हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने जाळी व झडपा पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. ब्लीचमध्ये अमोनियायुक्त द्रव किंवा आम्ल मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. कॉइल व पंख्याची सफाई जाणत्या कारागिराकडून करवून घेणे इष्ट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते सुमारे १ चौरस मीटरपर्यंतचा पृष्ठभाग घरच्या घरी स्वच्छ करता येतो. वाहिनीच्या आतील तंतुमय काचेचे अस्तर भिजून बुरसटले असल्यास ते धुऊन उपयोग नाही, बदलावेच लागते.

ओलीचे मूळ न शोधता केलेली सफाई पुढील पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. फिल्टर नियमित धुणे, निचऱ्याची नळी मोकळी ठेवणे, एसी बंद करण्यापूर्वी काही वेळ केवळ पंखा चालविणे आणि घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राखणे हे प्रतिबंधक उपाय होत. डागावर रंग फासणे हा प्रचलित उपाय निरुपयोगी आहे.

काळी बुरशी तेवढी विषारी, हा समज चुकीचा आहे. रंगावरून जात ओळखता येत नाही, आणि उपाय एकच असल्याने घरगुती प्रकरणात प्रयोगशाळेतील तपासणीची सहसा आवश्यकता नसते.