रेशीम वर, सूत खाली

गारखेड्याच्या सूतगिरणी चौकातून रोज जी वर्दळ वाहते, तिच्यातील फार थोड्यांच्या मनात येत असेल की, एका चौकाच्या नावात उरलेले हे सूत या नगराच्या जुन्या कीर्तीचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा रेशमाचा. मलिक अंबराने १६१० साली खडकी म्हणून वसविलेल्या या नगराचे पुढे औरंगाबाद झाले आणि मोगल व निजामी हुकूमतीत येथील विणकरांना आश्रय मिळाला. त्यांची परंपरा मात्र तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हापासूनची सांगतात.

येथे विणल्या जाणाऱ्या मशरूच्या नावाचा अर्थच ‘शरियतेस मान्य’ असा. पुरुषाच्या अंगाला निखळ रेशीम लागू नये, असा निर्बंध होता. म्हणून रेशमाचा ताणा सुताच्या अनेक बाण्यांवरून तरंगत नेऊन एकाच बाण्याखाली दडवीत, त्यामुळे दर्शनी अंगाला रेशीम झळके आणि कातडीला सूत लागे. धर्माज्ञा आणि हौस यांचा इतका सुंदर समेट मला अन्यत्र आढळलेला नाही.

निसर्गाने हीच दुपदरी युक्ती फार पूर्वी योजिली होती, हे विज्ञानास कळावयास १९२५ साल उजाडले. हॉलंडमधील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तातील तांबड्या पेशींचा स्निग्धांश काढून पाण्यावर पसरला, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. म्हणजे पेशीचे आवरण दोन थरांचे! प्रत्येक रेणूचे मस्तक जलप्रिय, पुच्छ जलविन्मुख. पुच्छे आत लपवून दोन्ही थर एकमेकांना भिडतात आणि सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचा पडदा सिद्ध होतो. मशरूत पदर दोन जातींचे, येथे दोन्ही थर एकाच कुळीचे. शिवाय त्यांना धाग्याने बांधावे लागत नाही, भोवतालचे पाणीच त्यांना एकत्र धरते.

मशरूच्या जोडीने येथे विणल्या जाणाऱ्या हिमरू कापडाची रीत आणखी निराळी. ताणा सुताचा, नक्षीचा बाणा रेशमाचा. मागावर एकजण विणी आणि वर बसलेला सोबती नक्षीच्या दोऱ्या ओढी. जुनी हिमरू शाल उलटी करून पाहावी: जेथे पुढे फूल नाही, तेथे त्याचे रेशीम मागे सैल तरंगत राहिलेले असते, आणि या न कापलेल्या धाग्यांचाच पाठीवर एक मऊ, उबदार थर साचलेला हाताला लागतो.