पास्काची मेणबत्ती

१. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीतली मोठी मेणबत्ती. दिवे मालवलेल्या चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर हिची वात लावतात. अंगावर क्रूस, चालू सालाचे चार आकडे आणि येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणे. आत शिरल्यावर भाविक तिच्याच ज्योतीवर आपापल्या मेणबत्त्या पेटवून घेतात. गाजावाजा नाताळचा अधिक, पण श्रद्धेचा कणा ईस्टर हाच सण : ख्रिस्त उठला नसेल तर विश्वासच फोल, असे पौलाने करिंथकरांना बजावले होते. ‘पास्का’ म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण. पाश्चात्त्य चर्चच्या गणनेने ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येतो.