नंबरांची खरी प्रत

संगणकातले फोन नंबर अंगावर वागवायची हौस मोबाइलच्या आधी एका मनगटी घड्याळाने पुरवली. १९९४ साली टायमेक्सने मायक्रोसॉफ्टच्या साथीने ‘डेटालिंक’ काढलं. त्याला वायर नव्हती. संगणकाच्या जुन्या, ढेरपोट्या पडद्यावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या लुकलुकायच्या, घड्याळ पडद्यासमोर धरायचं, आणि त्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर त्या पट्ट्यांतून नावं-नंबर उतरवून घ्यायचा. साधारण किती नंबर मावतील ते मॉडेलच्या आकड्यावरूनच कळायचं. सपाट पडदे आल्यावर ही गंमत संपली, कारण त्यांच्यावर तशी लुकलुक होत नाही. पण या घड्याळाला एक सुख होतं, ते नंतर कोणालाच लाभलं नाही. वाहतूक एकेरी होती. खरी यादी संगणकात, मनगटावर नुसती नक्कल. त्यामुळे वादाला जागाच नव्हती.

वाद सुरू झाला तो १९९६ मध्ये, पाम पायलटपासून. जेफ हॉकिन्सने हे यंत्र बनण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात बाळगला होता, आणि बैठकांमध्ये तो काढून त्यावर काही टिपल्याचं नाटकही तो करायचा. आपली स्पर्धा दुसऱ्या यंत्राशी नसून कागदी डायरीशी आहे, अशी त्याची धारणा. पायलटबरोबर टेबलावर ठेवायची एक बैठक यायची, तिला एकच बटण. ते दाबलं की ‘हॉटसिंक’ सुरू: खिशातले बदल संगणकात, संगणकातले खिशात.

हे सोपं वाटावं यासाठी आत बरीच कारकुनी चालायची. एखादी नोंद बदलली की यंत्र तिच्यावर खूण करून ठेवी. बटण दाबल्यावर फक्त खुणेच्या नोंदी इकडून तिकडे जात आणि मग खुणा पुसल्या जात. दोन्हीकडे एकच नोंद वेगवेगळी बदललेली असली, तर पाम निवाडा न करता दोन्ही ठेवून द्यायचा. मला हे शहाणपणाचं वाटतं, कारण कोणता नंबर खरा हे यंत्राला कुठून कळणार? खरी पंचाईत व्हायची ती घरी एक आणि ऑफिसात एक असे दोन संगणक असले की. ऑफिसात खुणा पुसून झालेल्या, मग घरच्या संगणकाला नवं काय ते कसं समजावं? अशा वेळी सगळी यादी पहिल्यापासून ताडून पाहावी लागे. ‘स्लो सिंक’ म्हणतात ते हेच.

आपल्याकडे ही भानगड फार थोड्यांच्या वाट्याला आली. भारतात मोबाइल आला १९९५ मध्ये आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेकांचं फोनबुक सिमकार्डातच राहिलं: एक नाव, एक नंबर, आणि जेमतेम दोन-अडीचशे जागा. नाव लांब असलं की शेपूट तुटायचं. फोन बदलला की सिम काढून नव्यात घालायचं, सिंक झालं! संगणक मध्ये यायचाच नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची वही वाचता यावी म्हणून अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘व्हीकार्ड’ आखलं. त्यात नावाचे पाच कप्पे: आडनाव, नाव, मधलं नाव, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या कप्प्यात नीट बसतं. पण ‘शेजारच्या काकू’ आणि ‘गॅसवाले’ बसवायचे कुठे, हे त्या कंपन्यांना सुचायचं कारण नव्हतं. देवनागरीचे हाल आणखी वेगळे. व्हीकार्डच्या २.१ आवृत्तीच्या फायलीत एकेका देवनागरी चिन्हाचे बहुधा नऊ रोमन चिन्हं-आकडे होतात. नुसतं ‘शिंदे’ लिहायला ४५ लागतात. पलीकडच्या फोनला ते उलगडता आलं नाही की नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हांची आणि आकड्यांची रांग.

२००० साली नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, पाम, आयबीएम वगैरे मंडळींनी ‘सिंकएमएल’ नावाची सामायिक बोली ठरवली. तिच्यात फोन आपल्या नोंदीला एक क्रमांक देतो, सर्व्हर दुसरा, आणि कोणता क्रमांक कोणाशी जुळतो याचा तक्ता सर्व्हर सांभाळतो. तो तक्ता हरवला की दोघांनाही एकमेकांच्या नोंदी परक्या वाटू शकतात. ताडून पाहण्यात जराशी कसूर झाली, की एकच मामा यादीत तीनदा हजर.

मग टेबलावरच्या संगणकाचं मोठेपणच गेलं. २००२ मध्ये डेंजर कंपनीच्या ‘हिपटॉप’ फोनने यादी थेट कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली होती. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन गूगलच्या खात्यातून नंबर घेऊ लागला, आणि २०११ मध्ये आयक्लाउडसोबत आयफोनचीही वायर सुटली. यातला धोका मात्र आधीच दिसून चुकला होता. ऑक्टोबर २००९ मध्ये, डेंजर मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाल्यावर, तिचे सर्व्हर कोसळले आणि अमेरिकेत अनेक ग्राहकांच्या फोनमधली नावं गायब झाली. त्यातली बरीचशी नंतर परत मिळाली. पण आता खिशात असते ती नक्कल, हे तेव्हा लोकांना लख्ख कळलं.

अस्सल यादी सर्व्हरवर पोचल्यावर ती दुसऱ्या कोणालाही हवीशी वाटणारच. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘पाथ’ हे अ‍ॅप न विचारता आयफोनमधलं सगळं फोनबुक आपल्या सर्व्हरवर नेतं, हे एका प्रोग्रॅमरच्या ध्यानात आलं आणि ओरड झाली. त्याच वर्षी आलेल्या आयओएस ६ मध्ये अ‍ॅपला फोनबुक उघडण्याआधी परवानगी मागणं भाग पडलं. ती मागितली जाते फोन ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे. त्याने पूर्ण यादीला होकार दिला की तिच्यातले डॉक्टर, प्लंबर, लांबची वहिनी असे सगळ्यांचे नंबर अ‍ॅपला खुले होतात, त्यांच्यापैकी एकालाही न विचारता.