‘पाचोरा’ शोधला, उत्तर आलं शून्य

संशोधनाची तयारी करताना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन शिका, वेळ वाचेल’ असा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा मला माझ्या गावाच्या नावानं शिकवला.

पाचोऱ्याविषयीच्या टाइप केलेल्या नोंदींची एक फाइल माझ्याकडे होती. गावाचं नाव किती वेळा येतं ते मोजायचं होतं. पायथनमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण लावून ‘पाचोरा’ शोधला. उत्तर आलं शून्य. फाइल उघडली तर पहिल्याच ओळीत पाचोरा! गाव माझं होतं म्हणून शंका आली. अनोळखी गाव असतं, तर ‘या साधनांत उल्लेख आढळत नाही’ असं वाक्य प्रबंधात जाऊन बसलं असतं.

असं का झालं, हे कळायला या साधनाचा इतिहास थोडा माहीत हवा.

सुरुवात संगणकापासून नाही, मेंदूपासून होते. १९४३ साली वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचं एक गणिती प्रारूप मांडलं. असं जाळं कोणत्या प्रकारचे क्रम ओळखू शकतं, हा प्रश्न गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना हाती घेतला. १९५६ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखात ‘रेग्युलर’ ही संज्ञा आहे. ‘शून्य किंवा कितीही वेळा’ असा अर्थ असलेल्या चांदणीला आजही ‘क्लीनी स्टार’ म्हणतात.

ही कल्पना मजकूर शोधण्यासाठी वापरली केन थॉम्पसन यांनी. १९६८ मध्ये त्यांनी शोधाची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती मजकूर-संपादकात बसवली. पुढे बेल लॅब्जमध्ये ‘ग्रेप’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम आला. त्यामागची हकिगत इतिहासाच्या विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. ब्रायन कर्निघन सांगतात त्याप्रमाणे, त्यांचे सहकारी ली मॅकमहोन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ तपासायचे होते. १७८७-८८ मधले हे ८५ अमेरिकन निबंध टोपणनावानं छापलेले, आणि त्यातल्या काहींचा लेखक कोण यावर वाद. मजकूर तेव्हाच्या संपादकात मावेना, म्हणून शोधणारा भाग वेगळा काढला. म्हणजे हे हत्यार आपल्याकडे उसनं आलेलं नाही, त्याच्या जन्मालाच ऐतिहासिक साधनांचा प्रश्न आहे.

नंतर १९८७ मध्ये पर्ल भाषेनं त्याला घरोघरी नेलं. २००२ मध्ये जावात ‘पॅटर्न’ आणि ‘मॅचर’ हे दोन क्लास आले. डॉट नेटमध्ये ‘रेजेक्स’ नावाचा क्लास आला. काम सगळ्यांचं सारखंच: नमुना द्या, जुळणी घ्या, हवं तर बदल करा. पण हे सगळं इंग्रजी मजकूर समोर ठेवून घडलं, आणि ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे काय याची व्याख्याही तिथूनच आली.

आता शून्याचं कोडं सुटतं. आपल्यासाठी ‘पाचोरा’ ही तीन अक्षरं. संगणकासाठी सहा चिन्हं: प, काना, च, ओकार, र, काना. पायथनच्या मूळ मॉड्यूलला प, च, र ही अक्षरं वाटतात, पण काना-मात्रा शब्दाचा भाग वाटत नाहीत. त्यामुळे त्याला शब्द सुटे करायला सांगितले तर ‘पाचोरा’चे तीन तुकडे पडतात. शेवटच्या कान्यानंतर मोकळी जागा आली की त्याच्या लेखी दोन्ही बाजूंना ‘शब्दाबाहेरची’ चिन्हं असतात, मग सीमा कुठली? गंमत बघा, जागा सुटून ‘पाचोरातालुका’ असं चुकून टाइप झालं असेल, तर तिथे मात्र जुळणी होते. ‘पूर्ण शब्द’ मागितला की नेमका अपूर्णच मिळतो. वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं ‘रेजेक्स’ मॉड्यूल ही चूक करत नाही.

पण साधन बदललं म्हणजे काम झालं असं नाही. सरावासाठी मी रचलेली ही पाच वाक्यं घ्या:

पाचोरा स्टेशनवर गाडी थांबली. पाचोऱ्याहून जामनेरला जायचं होतं. पाचोऱ्यात कापूस उतरला. पाचोरेकर मंडळी जमली. पाचोरा तालुका मोठा आहे.

सीमेची खूण न लावता नुसता ‘पाचोरा’ शोधा. दोनच सापडतील. मराठीत विभक्ती लागली की नावाचं रूप बदलतं आणि ‘र’च्या जागी ‘ऱ’ येतो. शिवाय ‘ऱ्या’ टाइप करायच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत: थेट ‘ऱ’ वापरून, ‘र’ला नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर सगळं सारखं दिसतं, आत वेगळं असतं. म्हणून मी नमुना असा केला:

पाचो[रऱ]

चौकटी कंसाचा अर्थ ‘यांपैकी कोणतंही एक’. पाचही वाक्यं सापडतात, तिन्ही टाइप-पद्धतींसह. मात्र सैल नमुन्याची किंमत असते. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात पाचोरे वणी आहे, तेही यात येणार. जुळण्या वाचून गाळाव्याच लागतात.

दुसरं उदाहरण शुद्धलेखनाचं. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘जळगांव’ सर्रास दिसतं, आणि जुन्या सवयीनं नंतरही. नमुना:

जळगां?व

प्रश्नचिन्ह म्हणजे आधीचं चिन्ह असेल किंवा नसेल. तसंच ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ या दोन्हींसाठी:

खान्?देश

इंग्रजी साधनंही सुटत नाहीत. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये दीर्घ ‘आ’ दाखवायला इंग्रजी ‘ए’वर तिरकी रेघ दिली आहे. साध्या ‘ए’नं शोधलं तर रेघवाला ‘ए’ जुळत नाही, आणि स्कॅनवरून मजकूर उचलणारं सॉफ्टवेअर तिथे भलतंच अक्षर घालू शकतं.

इथवर शोधणं झालं. बदलणं याहून नाजूक. समजा तुम्ही ठरवलं की वाचकाच्या सोयीसाठी ‘पूर्व खानदेश’च्या जागी सगळीकडे ‘जळगाव’ आणि ‘पश्चिम खानदेश’च्या जागी ‘धुळे’ करू. एका ओळीत होतं ते. पण खानदेशाचे हे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि जळगाव-धुळे ही जिल्ह्यांची नावं १९६० पासूनची. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे १९२० च्या ‘पश्चिम खानदेश’ला ‘धुळे’ लिहिलंत, तर आजचा वाचक नंदुरबार वगळून आकडे वाचेल. शब्द बदलला, आणि हद्दही बदलली. शिवाय मूळ दस्तऐवज कोणत्या काळातला, हे सांगणारा पुरावा तुमच्याच हातानं पुसला गेला.

म्हणून माझे तीन नियम. मूळ फाइलला हात लावायचा नाही, बदल प्रतीवर करायचा किंवा शेजारी नवा रकाना जोडायचा. बदलण्याआधी नुसतं शोधायचं आणि प्रत्येक जुळणी आजूबाजूच्या शब्दांसह वाचायची. आणि वापरलेला नमुना तारखेसह नोंदवहीत लिहायचा, कारण ‘इतके उल्लेख सापडले’ या विधानाला त्या नमुन्याशिवाय अर्थ नाही.

आणखी एक करा: उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असं एखादं पान हातानं मोजून ठेवा आणि प्रत्येक नवा नमुना पहिल्यांदा त्यावर चालवा.

तुम्ही लिहिलेला नमुना म्हणजे खरं तर एक गृहीतक असतं: त्या काळच्या माणसांनी हे नाव असं असं लिहिलं असेल. पाचोरा-जामनेर ही नॅरो गेज गाडी साधारण शंभर वर्षं धावली. लोक तिला ‘पीजे’ म्हणायचे. तिच्या आठवणी शोधायला निघालात आणि नमुन्यात ‘पीजे’ घातलं नाहीत, तर संगणक शांतपणे कमी आकडा देईल. त्याची तक्रार नसते. पीजे हे नाव तिथल्या माणसाशी बोलूनच कळतं.

आता तुमच्या गावाचं नाव घ्या. विभक्ती लावा, जुनं शुद्धलेखन आठवा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलीतला उच्चार विचारा. सगळी रूपं कागदावर लिहून झाली, की मगच नमुना लिहायला बसा.