अर्ज, अर्जदस्त आणि रविवारची सुटी

वाचकहो, गावाकडे कीर्तन ठरवायचे तर पंचांगात एकादशी पाहतात. मुंबईत आणि उपनगरांत रविवार पाहतात. आमच्या घाटकोपरला भटवाडीपासून असल्फ्यापर्यंत डोंगरउतारावर जितक्या चाळी, जवळजवळ तितकी भजनी मंडळे. त्यांच्या पत्रिका काढून पाहा. सप्ताहाची सांगता असो, संतांची पुण्यतिथी असो की कोणाच्या घरचे वर्षश्राद्ध असो, शक्यतो रविवारच धरलेला दिसेल. कारण त्या दिवशी टाळकरी मोकळा असतो आणि पखवाजवाल्याची पाळी नसते. आयाबायांनाही थोडी उसंत मिळते.

हा रविवार आपल्याला दिला कोणी? इंग्रज ख्रिस्ती होते, त्यांचा तो प्रार्थनेचा वार, म्हणून आपल्यालाही मिळाला, असे पुष्कळजण म्हणतात. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे आहे. पण गिरणीत राबणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना तो फुकट मिळाला नाही. त्यांनी अर्ज केला, सभा भरवल्या, पुन्हा अर्ज केला. पहिल्या अर्जापासून सुटी पदरात पडेपर्यंत सहा वर्षे गेली. ती हकीकत आज सांगायची आहे. आजही भजनी मंडळात कोणी अर्जाचा कागद घेऊन आला की निम्मे लोक माळेकडे बोट दाखवून मागे सरतात. ‘आपण वारकरी, आपल्याला काय करायचे सरकारदरबारी?’ हा प्रश्न मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे. तो खोटेपणाने विचारला जात नाही, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. भक्ताने मागावे ते देवाकडे. माणसाकडे हात पसरला की निष्ठेला उणेपणा येतो. तुकोबारायांनी शिवरायांकडून आलेला नजराणा परत पाठवला, ही कथा आपण सगळ्यांनी सांगितली आणि ऐकली आहे. मग वारकऱ्याने अर्जावर सही का करावी?

आता उत्तरपक्ष. तुकोबांनी परत केले ते स्वतःसाठी आलेले होते. दुसऱ्याच्या भुकेसाठी तोंड उघडू नये, असे त्या कथेत कुठेच नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार रयतेला खुले केले, त्यांना आपण संत म्हणतो. ज्ञानोबामाउलींनी ग्रंथ पुरा झाल्यावर पसायदान मागितले, तेही मागणेच आहे. पण त्यात स्वतःसाठी काही नाही, सर्वांसाठी आहे. तेव्हा मागणे कोणासाठी, हे पाहून त्याची किंमत करावी.

दुसरे असे की, अर्ज हा प्रकार आपल्या संतांना परका नव्हता. नाथमहाराजांच्या भारुडांत ‘अर्जदस्त’ आहे, ‘जाबचिठ्ठी’ आहे, ‘अभयपत्र’ आहे. ही नावे कचेरीतली आहेत. नाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. गुरूघरी राहून नाथांनी हिशेबाच्या वह्या पाहिल्या, एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवली, ही कथा प्रसिद्धच आहे. कचेरीतला फारसीमिश्रित मायना त्यांच्या कानावर रोज पडत असणार. अर्जदस्तात त्यांनी शरीराचा परगणा केला, काया हा किल्ला केला, जीवाला शेखदार आणि बुद्धीला कारकून नेमले आणि अंमलदार रयतेची हकीकत वरिष्ठांना कळवतो त्या रीतीने जीवाची हकीकत धन्याच्या पायाशी रुजू केली. भारुडाचा अर्थ अध्यात्माचा आहे, हे मी सांगायला नको. पण दृष्टान्त नेहमी ऐकणाऱ्याच्या ओळखीचा घ्यावा लागतो. सोळाव्या शतकातल्या श्रोत्याला अर्ज म्हणजे काय, तो कोणी कोणाला लिहायचा, हे ठाऊक होते, म्हणून नाथांनी तो घेतला.

आता मुंबईकडे येऊ. १८५० च्या दशकात इथे पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, लालबाग भागांत धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसे आली. येताना तुळशीची माळ आणि टाळ घेऊन आली. विजेचे दिवे गिरण्यांत यायचे होते, म्हणून काम सूर्यावर चाले. उजाडले की भोंगा आणि मावळले की सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठे. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. एखादा दिवस गिरणी बंद ठेवली, तरी यंत्रे पुसायला माणसांना बोलावत. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, पण तो मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मूल कामाला ठेवू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढेच त्यात होते. मोठ्या माणसाविषयी आणि बाईविषयी त्यात काहीच नव्हते.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जन्म १८४८ चा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेली, त्यामुळे खात्यात काय चालते ते डोळ्यांनी पाहिलेले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईत चालवू लागले. सत्यशोधक आणि आपला संप्रदाय यांचे काही बाबतींत पटत नसे, हे मला माहीत आहे. पण माणसाने केलेले काम पाहताना ते बाजूला ठेवावे.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. लोखंड्यांनी ती संधी धरली. सप्टेंबरच्या २३ आणि २६ तारखेला परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. तिथे मागण्या वाचून दाखवल्या, मंजूर करून घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. मुंबईतल्या गिरणी कामगारांची पहिली संघटना तिथूनच धरतात.

त्या अर्जात काय होते ते नीट वाचण्यासारखे आहे. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सर्वांना सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

वाचकहो, या शेवटच्या मागणीपाशी मी नेहमी थांबतो. आपले चोखोबा कसे गेले? मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. वेठीला धरलेल्या लोकांत ते होते. कूस कोसळले आणि ते इतरांबरोबर खाली गाडले गेले. नामदेवरायांनी अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. आपण कीर्तनात अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आल्याचे सांगतो आणि श्रोत्यांचे डोळे भरतात. पण त्या भिंतीखाली इतरही होते. त्यांच्या घरच्यांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही, कारण विचारायची रीत नव्हती. लोखंड्यांच्या अर्जाने ती रीत घातली. अपघातात सापडलेल्या मजुराच्या घरी चूल पेटते का, हे मालकाने आणि सरकारने पाहिले पाहिजे, असे त्यात कागदावर लिहिले गेले. चोखोबांचे नाव घेणाऱ्याला ही मागणी परकी वाटू नये.

रविवारच्या बाबतीत लोखंड्यांचा एक मुद्दा असा होता की, रविवार हा खंडोबाचा वार आहे. मालक म्हणत, ख्रिस्ती सण आम्ही का पाळावा? त्यावर हे उत्तर फार शहाणपणाचे होते. कामगाराचा कुलधर्म हाच त्यांनी पुरावा म्हणून पुढे केला.

अर्ज केला म्हणजे लगेच मिळाले, असे मात्र झाले नाही. मालकांचा संघ १८७५ पासूनच बांधलेला होता आणि त्याचे वजन मोठे होते. शिवाय प्रकरण गुंतागुंतीचे होते. विलायतेत मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनाही हिंदुस्थानात कारखाना कायदा हवा होता. मजुराच्या कळवळ्यापेक्षा मुंबईचे स्वस्त कापड त्यांना सलत होते. म्हणून पुष्कळ देशी वर्तमानपत्रे कायद्याच्या विरुद्ध लिहीत. देशी उद्योग बुडेल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण दोन धनिकांच्या या भांडणात मजुराचे स्वतःचे म्हणणे काय, हे लोखंड्यांच्या अर्जाखेरीज कोण सांगणार होते?

ते थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जनाबाईंचे जाते आणि शेणी आपण गातो. इथे राबणारी बाई हजारोंपुढे उभी राहून आपले दुःख स्वतः सांगत होती. त्या सभेचा अर्ज मालकसंघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. त्याच साली सरकारने नव्या कमिशनला लोखंड्यांचे साहाय्य घेतले. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा विसावा आला. स्त्रियांना अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा मिळाली. बाप्यांच्या तासांना मर्यादा त्यात नव्हतीच. म्हणजे मागितलेल्यांतले काही मिळाले, काही राहिले. पुढे प्लेगची साथ आली, तेव्हा लोखंडे रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. वय पन्नासही नव्हते.

इथपर्यंतची कथा ऐकायला सोपी आहे, कारण तिच्यात अर्ज दुसऱ्याकडे होता. पुढची थोडी अवघड आहे. कधी कधी अर्ज आपल्याच दारात येतो.

१९४७ साली साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि पंढरीचे मंदिर अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या बांधवांना उघडावे, म्हणून गावोगाव लोकांना हात जोडले. मग १ मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सोडले. मठ एका वारकरी महाराजांचा होता, हे अभिमानाने सांगावे. पण विरोध करणाऱ्यांतही माळकरी होते, हेही त्याच दमात सांगावे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आणि त्यांचे भाऊबंद शेकडो वर्षे तिथूनच नमस्कार करून परत फिरत होते. आपण त्यांचे अभंग आत उभे राहून गात होतो.

आणखी जवळचे सांगतो. आषाढीला लाखो माणसे पंढरीत येतात आणि वाळवंटात जी घाण होते, ती उचलायला माणसे लावावी लागत. हाताने मैला उचलण्याच्या या प्रथेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि पुरेशी शौचालये बांधण्याचे आदेश न्यायालयाने शासनाला दिले. त्या याचिकेत प्रतिवादी म्हणून आपले नाव नव्हते. तरी घाण आपलीच होती. ज्यांच्या हातांना ती लागत होती त्यांचे म्हणणे ऐकताना संप्रदायाचा अपमान झाला, असे कोणी मानू नये.

तेव्हा तुम्ही काय करावे? आमच्या घाटकोपरला चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले; माथाडींची कितीतरी कुटुंबे इथे वसली. त्या माथाड्यांना १९६९ चा कायदा मिळाला तोही वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर. आपल्या मंडळांत या घरांतले टाळकरी आहेत. उद्या कोणी पाण्याच्या नळासाठी, दरडीखालच्या घरांसाठी किंवा सफाई कामगाराच्या पगारासाठी कागद घेऊन आला, तर माळेकडे बोट दाखवू नका. चष्मा लावा आणि कागद वाचा.

त्यात लिहिलेले खरे आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. खोट्या अर्जावर वारकऱ्याची सही नसावी. मागणे कोणासाठी आहे ते पाहा. ज्याचे दुःख आहे त्याला विचारून कागद लिहिला आहे का, हेही विचारा. लोखंड्यांनी मागण्या आधी सभेत वाचून दाखवल्या होत्या. मागणी मोजता येण्यासारखी असावी. अर्धा तास, एक वार, १५ तारीख, असे लिहिले म्हणजे उत्तर देणाऱ्याला पळवाट राहत नाही. आणि सही केलीत, तर पुढच्या बोलावण्यालाही जा. एका अर्जाला उत्तर आले नाही म्हणून लोक घरी बसले असते, तर १८९० उजाडलेच नसते.

मंडळात ज्यांना अक्षर चांगले आहे त्यांनी दुसऱ्याचा अर्ज लिहून द्यावा, ही सेवाच समजावी. मी आता कीर्तनाला उभा राहत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण बसून कागद लिहिता येतो. शेजारची बाई रेशनच्या किंवा निराधार योजनेच्या अर्जासाठी येते, तेव्हा मी आधी तिची हकीकत पुरती ऐकतो, मग वरती श्री लिहून तारीख घालतो.

येत्या रविवारी कीर्तनाला बसाल तेव्हा, ज्या साडेपाच हजारांनी आपल्यासाठी हा वार मागितला, त्यांच्या नावाने एकदा विठ्ठलाचा गजर करा. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती आणि त्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत. रामकृष्णहरी.