पहिलटकरीण आणि मुसळ

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें लखुजीराव जाधवांच्या वाड्यांत जिजाबाईंचें जन्मस्थान दाखविण्यांत येतें. जन्मलेल्याची स्मृति आपण जपतों. जन्म देणारीच्या कळा कशा गेल्या, उशाशीं सुईण कोण होती, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. तरी बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास अगदींच मुका नाहीं.

वऱ्हाडांत काय किंवा देशावर काय, पहिलटकरणीला माहेरीं आणण्याची चाल जुनी, आणि दळणकांडण करणारी लवकर मोकळी होते ही समजूतहि जुनी. किती जुनी? चरकसंहितेच्या शारीरस्थानांत आठव्या अध्यायांत तिच्यावर चक्क वाद घातलेला आहे. कळा येऊनहि प्रसूति होईना, तर स्त्रीनें मुसळ घेऊन उखळांतील धान्य कांडावें, वारंवार जांभई द्यावी व मधून मधून फिरावें, असें कित्येकांचें मत तेथें दिलें आहे. आत्रेय तें खोडून काढतात. गर्भिणीला कठोर श्रम वर्ज्य. प्रसूतिसमयीं तर विशेषच, कारण मुसळाच्या धक्क्यानें तिच्या प्राणावर बेतेल. जांभई व फिरणें मात्र त्यांस मान्य आहे. कळ नसतां जोर करूं नये आणि अनेकदां प्रसूत झालेल्या प्रेमळ स्त्रिया भोंवतीं असाव्यात, असेंहि तेथें सांगितलें आहे.

ग्रंथांत हरलेला पक्ष घरोघर मात्र जिंकला! माहेरीं धाडीपर्यंत सुनेच्या हातून जात्याचा खुंटा सुटूं नये, यांत सासरची सोय होती. त्या सोयीलाच पुढें औषधाचें नांव मिळालें, असें आम्हांस वाटतें.

चौदाव्या वर्षीं झालेलें पहिलें मूल दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकीच्या पदवीसाठीं प्रबंध लिहिला, तो हिंदु आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावरच.

युरोपांत १६६८ सालीं मोरिसो या फ्रेंच वैद्याचा ग्रंथ निघाल्यावर स्त्रीला बिछान्यावर निजवून प्रसूत करण्याची रीत रूढ होत गेली. ती पुढें आपल्याकडील दवाखान्यांतहि आली. अलीकडे वारें फिरलें आहे. २०१३ सालीं कॉक्रेन संस्थेनें पंचवीस प्रयोग एकत्र तपासले, तेव्हां उभें राहणाऱ्या व फिरणाऱ्या स्त्रियांचा प्रसूतीचा पहिला टप्पा, निजून राहणाऱ्यांपेक्षां सुमारें एक तास बावीस मिनिटें आधीं संपल्याचें दिसलें. पहिलटकरणीचा हाच टप्पा सर्वांत लांबतो, म्हणून या तासाचें मोल तिला अधिक. एरंडेलाची मात्र आम्ही शिफारस करणार नाहीं; त्याचा गुण अनिश्चित आणि मळमळ निश्चित. शिवाय फिरण्यानें चालू कळांस साहाय्य होतें, इतकाच त्याचा अर्थ. रक्त जाऊं लागलें किंवा बाळाची हालचाल मंदावली तर अंगणांत फेऱ्या मारीत बसणें हा आत्मघातच होय.

सोबतीणीचा आग्रहहि परत आला आहे. २०१६ सालीं केंद्र सरकारनें सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळीं सोबतीस एक स्त्री असूं देण्यास मान्यता दिली, आणि अट घातली ती अशी कीं, त्या स्त्रीनें स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेला असावा.