संगणक-जाळ्यांच्या शिक्षणातील प्रात्यक्षिक परीक्षा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणक-जाळ्यांच्या शिक्षणात प्रात्यक्षिकाचे स्थान कोणते, याचा विचार करताना सिस्को या अमेरिकन कंपनीच्या 'सीसीआयई' परीक्षेचा इतिहास उद्बोधक ठरतो. ही परीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास प्रयोगशाळेत दोन दिवस प्रत्यक्ष राउटर व स्विच हाताळावे लागत. प्रथम जाळे उभारायचे आणि नंतर परीक्षकाने त्यात हेतुपुरस्सर निर्माण केलेले दोष शोधायचे, असे तिचे स्वरूप होते. ऑक्टोबर २००१ पासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. त्यामुळे अधिक उमेदवारांची सोय झाली. मात्र दोषशोधनाचा स्वतंत्र भाग वगळला गेला. २००९ मध्ये राउटिंग व स्विचिंग शाखेच्या परीक्षेत तो पुन्हा समाविष्ट करण्यात आला.

हा क्रम केवळ वेळापत्रकातील बदल नव्हे. दिलेल्या आराखड्यानुसार जाळे उभारणे हे अनुकरणाने साधू शकते. बंद पडलेले जाळे पूर्ववत करण्यास मात्र कार्यकारणाचे आकलन लागते. बँक वा रुग्णालयाच्या डेटा सेंटरमध्ये कसोटी लागते ती या आकलनाचीच. म्हणूनच महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत जोडणीइतकेच गुण दोषशोधनालाही असणे अगत्याचे आहे.